रक्तातील नत्र, स्फुरद, पालाश : मूत्रपिंड आणि यकृताचा रिपोर्ट कसा वाचावा

माती परीक्षणाचा कागद हातात आला की आपला सभासद तो बारकाईने वाचतो. सामू किती, क्षारता किती, सेंद्रिय कर्ब किती, नत्र-स्फुरद-पालाश कुठे कमी पडले, हे त्याला कुणी समजावून सांगावे लागत नाही. उलट शेती अधिकाऱ्यालाच तो दोन प्रश्न जादा विचारतो. पण रक्त तपासणीचा कागद आला की हाच माणूस "ठळक अक्षरात काही नाही ना?" एवढेच विचारतो. नाही म्हटले की कागद घडी घालून ट्रंकेत जातो. पुन्हा तो बाहेर निघतो तेव्हा पायाला सूज आलेली असते.

हल्ली तालुक्याच्या गावी रक्त घेतात, नमुना गाडीने पुण्याला जातो आणि संध्याकाळी रिपोर्ट मोबाईलवर येतो. तपासणी सोपी झाली, पण वाचणे काही सोपे झाले नाही. म्हणून सभासद बंधू-भगिनींनो, या खेपेस आम्ही मूत्रपिंड व यकृत या दोन अवयवांच्या तपासणीचा कागद आपल्यासमोर उलगडून ठेवत आहोत. डॉक्टरांचे काम आम्ही करणार नाही, ते त्यांनीच करावे. पण डॉक्टरांना नेमके काय विचारायचे, एवढे तरी आपल्याला कळले पाहिजे.

एक गंमत आधी सांगतो. मूत्रपिंडाच्या रिपोर्टात नत्र, स्फुरद आणि पालाश हे तिन्ही असतात. शेतात आपण ते पोत्याने टाकतो. शरीरात मात्र मूत्रपिंड जादा झालेले नत्र, स्फुरद, पालाश रात्रंदिवस बाहेर काढीत असते. दोन्ही मूत्रपिंडे मिळून रोज सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात आणि त्यातले दीड-दोन लिटर लघवीवाटे सोडून बाकीचे परत रक्तात घेतात. आपल्या कारखान्यातले रस गाळण्याचे काम यापुढे काहीच नाही म्हणा ना!

नत्र म्हणजे युरिया

युरियाच्या गोणीवर ४६ टक्के नत्र असे छापलेले असते. रक्तातला युरिया हा रसायन म्हणून अगदी तोच. फरक इतकाच की गोणीतला कारखान्यात होतो आणि रक्तातला यकृतात. १८२८ साली व्होलर या जर्मन शास्त्रज्ञाने तो प्रयोगशाळेत तयार करून दाखवला, तोवर असा पदार्थ सजीवाच्या शरीराबाहेर होऊच शकत नाही अशी समजूत होती. डाळ, दूध, अंडी, मटण यांतली प्रथिने पचली की अमोनिया निघतो. तो विषारी. यकृत त्याचा युरिया करते आणि मूत्रपिंड तो युरिया लघवीत टाकते. शेतात युरियाचा अमोनिया होतो आणि यकृतात अमोनियाचा युरिया होतो, असा हा उलटा व्यवहार आहे.

आता कागदावरचा घोळ पाहा. एक लॅबोरेटरी 'ब्लड युरिया ३०' लिहिते, दुसरी 'बीयूएन १४' लिहिते. सभासदाला वाटते, आजार निम्म्यावर आला! पण बीयूएन म्हणजे युरियातले फक्त नत्र. जे गणित आपण खतासाठी करतो तेच इथे करायचे. बीयूएनला २.१४ ने गुणले की युरिया मिळतो, आणि १४ गुणिले २.१४ म्हणजे ३०. दोन्ही कागद एकच गोष्ट सांगतात. साधारणपणे युरिया १५ ते ४० आणि बीयूएन ७ ते २० हे ठीक समजतात.

युरिया वाढला म्हणजे मूत्रपिंड गेले, असे मात्र समजू नये. उन्हात दिवसभर पाणी न पिता काम केले तरी तो वाढतो. जठरात रक्तस्राव होऊन शौचास डांबरासारखे काळे होत असेल तरी वाढतो. यकृत फार खराब झाले तर उलट कमी होतो, कारण तयार करणाराच थकलेला असतो. म्हणून एकट्या युरियावर कोणी निदान सांगत असेल तर ते पुरते धरू नये.

क्रिएटिनिन : इथे खरी मेख आहे

क्रिएटिनिन हा स्नायूंच्या रोजच्या झिजेतून निघणारा पदार्थ. तो मूत्रपिंडावाटे बाहेर जातो. मूत्रपिंड मंदावले की रक्तात साचतो. पुरुषांत साधारण ०.७ ते १.३ आणि स्त्रियांत ०.६ ते १.१ मिलिग्रॅम ही मर्यादा बहुतेक कागदांवर असते, लॅबोरेटरीगणिक थोडा फरक असतो.

उसाचा ब्रिक्स एकटा पाहून साखर किती निघेल हे कळत नाही, हे सभासदांना माहीत आहे. ब्रिक्स रसात विरघळलेले सगळेच मोजतो, साखर किती ते पोल आणि शुद्धता पाहिल्यावर समजते. क्रिएटिनिनचे तसेच आहे. स्नायू जास्त तर आकडा जास्त. तालमीत घुमणाऱ्या पहिलवानाचे १.४ आले तरी त्याची मूत्रपिंडे ठणठणीत असू शकतात, आणि तो जिममधली क्रिएटिनची पावडर घेत असेल तर डॉक्टरांना ते सांगावे. याउलट हाडाची काडे झालेल्या म्हातारीचे १.२ हे चांगले नव्हे.

यासाठीच आता कागदावर 'ईजीएफआर' नावाचा आणखी एक आकडा छापतात. क्रिएटिनिन, वय आणि स्त्री की पुरुष, यांवरून तो सूत्राने काढतात. मूत्रपिंडे मिनिटाला किती मिलिलिटर गाळतात याचा तो अंदाज. आम्ही २०२१ च्या सूत्राने दोन उदाहरणे काढून पाहिली. ३० वर्षांच्या पुरुषाचे क्रिएटिनिन १.२ असेल तर ईजीएफआर सुमारे ८३ येतो. ६५ वर्षांच्या बाईचे तेच १.२ असेल तर सुमारे ५०. आकडा एकच, पण नातवाला काळजी नाही आणि आजीची मूत्रपिंडे निम्म्यावर आली आहेत. ९० च्या वर उत्तम, ६० ते ८९ मध्ये लघवीची तपासणी कशी आहे ते पाहायचे, आणि ६० च्या खाली सतत तीन महिने राहिला तर तो मूत्रपिंडाचा जुनाट विकार समजतात. १५ च्या खाली म्हणजे मूत्रपिंडे निकामी होण्याची पायरी.

आणखी एक उदाहरण घ्यावे, कारण आमच्या मते सगळ्या लेखात हेच महत्त्वाचे आहे. समजा, पंचावन्न वर्षांच्या एका सभासदाचे क्रिएटिनिन काही वर्षांपूर्वी ०.८ होते. आज ते १.३ आहे. दोन्ही वेळा कागदावर खूण नाही, ठळक अक्षर नाही, दोन्ही वेळा 'नॉर्मल'. पण ईजीएफआर काढला तर तो सुमारे १०५ वरून ६५ वर उतरलेला दिसतो. म्हणजे शंभरातले जवळजवळ चाळीस गेले आणि कागदाने हूं की चूं केले नाही! मूत्रपिंडाचे निम्मे काम बंद पडेपर्यंत क्रिएटिनिन मर्यादेतच राहू शकते. दुखत नाही, खुपत नाही, लघवी नेहमीसारखी होते. छापील मर्यादा ही हजारो लोकांची आहे. आपली स्वतःची मर्यादा आपल्या जुन्या कागदात असते. म्हणून जुना कागद फेकायचा नसतो.

त्याबरोबर लघवीतील अल्ब्युमिन पाहणे आवश्यक आहे. ही तपासणी आपल्याकडे फार जण टाळतात. रक्त द्यायला माणूस तयार असतो, लघवीची बाटली द्यायला लाजतो. मधुमेहात आणि रक्तदाबात मूत्रपिंडाची चाळणी सैल होऊन प्रथिन पाझरू लागते, आणि पुष्कळदा ते क्रिएटिनिन वाढण्याच्या कितीतरी आधी. अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर ३० च्या खाली असावे. साखर किंवा रक्तदाब असलेल्याने वर्षातून एकदा तरी दोन्ही तपासण्या कराव्यात, वेळेवर कळले तर औषधांनी ही घसरण मंदावते.

वेळेवर कळले नाही तर काय, तेही सांगतो. आठवड्यातून बहुधा तीन वेळा, प्रत्येक खेपेस सुमारे चार तास डायलिसिस. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे, त्यामुळे उपचाराच्या खर्चाचा भार हलका होतो. पण आठवड्यातले तीन दिवस, येण्याजाण्याची गाडी आणि बरोबर जाणारे घरचे एक माणूस, याची भरपाई कोणतीच योजना देत नाही. उसाला पाणी द्यायची पाळी आणि डायलिसिसची पाळी एकाच दिवशी आली तर काय सोडायचे, हे सांगायला नको. मूत्रपिंड बदलायचे तर घरातला दाता हवा, नाहीतर मेंदूमृत दात्यासाठी पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीत नाव घालून वाट पाहायची.

मूत्रपिंडाला इजा करणाऱ्या गोष्टींत आपल्या हातची एक गोष्ट आहे, ती म्हणजे अंगदुखीच्या गोळ्या. कंबर धरली की दुकानातून दोन गोळ्या आणायच्या, हे आपल्याकडे रोजचेच. डायक्लोफिनॅकचे नाव सगळ्यांना माहीत आहे. हेच औषध जनावरांना देत, आणि अशा मेलेल्या जनावराचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे बंद पडली. गिधाडे इतकी कमी झाली की २००६ साली भारत सरकारला जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घालावी लागली. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही हे खरे. पण उन्हात घाम गाळून, पाणी न पिता, वर रोज अशी गोळी घेणाऱ्याची मूत्रपिंडे दुहेरी मार खातात. मध्य अमेरिकेत निकाराग्वा आणि एल साल्वादोर या देशांत ऊसतोड करणाऱ्या तरुण मजुरांना मधुमेह नाही, रक्तदाब नाही, तरी मूत्रपिंडाचा विकार होत असल्याचे गेल्या काही दशकांत दिसून आले. नेमके कारण अजून पुरते ठरलेले नाही. पण कडक उन्हातले कष्ट आणि शरीरातले पाणी आटणे यांवर शास्त्रज्ञांचा मोठा संशय आहे. तिथे आता पाणी, विश्रांती आणि सावली अशी त्रिसूत्री राबवतात. आपल्या फडातली टोळीही उन्हातच राबते. पाण्याचा ड्रम फडाच्या कडेला ठेवायला फार खर्च येत नाही.

पालाश आणि स्फुरद

पोटॅशियम म्हणजे पालाश. रक्तात ते ३.५ ते ५ च्या आसपास असावे. सहाच्या वर गेले तर हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका, आणि तो धोका सांगून येत नाही. मूत्रपिंड कमजोर असलेल्याने नारळपाणी, फळांचे रस डॉक्टरांना विचारूनच घ्यावेत. आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. रक्तदाबासाठी म्हणून दुकानात जे 'लो सोडियम' मीठ मिळते, त्यात सोडियमच्या जागी बराचसा पोटॅशियम क्लोराइड असतो. म्हणजे आपल्या शेतातले म्युरेट ऑफ पोटॅशच! निरोगी माणसाला त्याचे काही नाही. मूत्रपिंडाच्या रोग्याने ते मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नये.

पोटॅशियम एकदम फार जास्त आले आणि बाकी सगळे ठीक असेल, तर नमुन्याची शंका घ्यावी. रक्त घेताना किंवा गाडीतून नेताना तांबड्या पेशी फुटल्या तर त्यांतले पोटॅशियम बाहेर येऊन आकडा खोटा वाढतो. डॉक्टर तपासणी पुन्हा सांगतील, पण ती त्याच दिवशी करावी, सवडीने नव्हे.

स्फुरदाचे थोडक्यात. २.५ ते ४.५ ठीक. मूत्रपिंडाच्या जुन्या विकारात ते साचते, अंगाला खाज सुटते, हाडे ठिसूळ होतात.

यकृताचा कागद

'लिव्हर फंक्शन टेस्ट' या नावातच थोडी फसगत आहे. फंक्शन म्हणजे काम. पण त्यातले सर्वांत प्रसिद्ध दोन आकडे, एसजीओटी आणि एसजीपीटी, यकृताचे काम मोजतच नाहीत. ते गळती मोजतात. बॉयलरला परत जाणाऱ्या पाण्यात साखरेचा अंश आला का, हे आपला केमिस्ट सतत पाहत असतो. आला तर कुठेतरी नळी फुटली हे कळते. पण त्यावरून आज किती पोती साखर झाली हे कळेल काय? यकृताच्या पेशींना इजा झाली की ही दोन द्रव्ये रक्तात गळतात. साधारण ४० पर्यंत ठीक. विषाणूच्या काविळीत ती हजारावर जातात आणि तरी माणूस पूर्ण बरा होतो. उलट यकृत वर्षानुवर्षे सुकून कडक झालेल्या माणसात ती अगदी नॉर्मल येऊ शकतात. रसच उरला नाही तर गळणार काय?

काम पाहायचे तर अल्ब्युमिन, प्रोथ्रोम्बिन टाइम आणि बिलिरुबिन पाहावे. अल्ब्युमिन यकृतच तयार करते, ते ३.५ च्या खाली घसरले तर काळजी. प्रोथ्रोम्बिन टाइम म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ. तो बऱ्याचदा वेगळा सांगून करावा लागतो.

एसजीओटी स्नायूंतही असते, म्हणून आदल्या दिवशी जड ओझी उचलली असतील तर ते वाढलेले दिसते. एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त असेल तर डॉक्टर दारूबद्दल विचारतात. तेव्हा खरे उत्तर द्यावे. मोलॅसिसपासून डिस्टिलरीत काय तयार होते हे ऊस उत्पादकाला शिकवायला नको. न पिणाऱ्यांचे एसजीपीटी थोडेसे वाढलेले दिसते त्याचे हल्ली नेहमीचे कारण म्हणजे पोटाचा घेर, मधुमेह आणि यकृतात साठलेली चरबी. ब आणि क प्रकारच्या काविळीची तपासणीही एकदा करून घ्यावी. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तिचे औषध मोफत मिळते, आणि क प्रकार तर बहुतेकांचा तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो.

आता काविळीकडे वळू. बिलिरुबिन १.२ पर्यंत ठीक, अडीच-तीनच्या पुढे डोळे पिवळे दिसू लागतात. आपल्या देशातल्या काविळीच्या मोठ्या साथी बहुतांशी दूषित पाण्यातून येणाऱ्या ई प्रकारच्या विषाणूच्या. पुण्यातली राष्ट्रीय विषाणू संस्था १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली, तिने या रोगावर पुष्कळ काम केले आहे. कोल्हापूर शहरातल्या पाण्यातून पसरलेल्या साथीचाही तिने अभ्यास केला होता. हा प्रकार बहुतेकांना काही आठवड्यांत आपोआप बरा होतो. आणि नेमके इथेच माळवाल्याचे फावते! डोक्यावर ठेवलेली काविळीची माळ वाढत वाढत पायापर्यंत येते, हातावर चुन्याचे पाणी ओतले की ते पिवळे होते, आणि कावीळ 'उतरते'. उतरणारच होती. कुणाची श्रद्धा मोडण्याचा आमचा हेतू नाही. पण माळ घालायची असेल तर आधी बिलिरुबिन करून घ्यावे. कागदात 'डायरेक्ट' बिलिरुबिन आणि अल्कलाइन फॉस्फेटेज जास्त असेल, अंगाला खाज असेल, शौचास पांढुरके होत असेल, तर पित्ताची वाट खड्याने किंवा गाठीने अडलेली असू शकते, आणि तिथे माळेत गेलेले तीन आठवडे परत मिळत नाहीत. गरोदर बाईला कावीळ झाली तर एक दिवसही घरी थांबू नये. ई प्रकार तिच्या जिवावर बेततो. त्याच दिवशी जवळचे मोठे रुग्णालय गाठावे, पुण्याच्या बाजूला असाल तर ससून आहेच.

काविळीत उसाचा रस द्यावा का, असे आम्हाला नेहमी विचारतात. स्वच्छ चरकातला, बर्फ न घातलेला रस ताकद देतो, औषध नव्हे. ज्याला साखरेचा विकार आहे त्याला देऊ नये. आणि रस्त्यावरच्या गुऱ्हाळात बर्फ व पाणी कुठले आहे हे ठाऊक नसेल तर तोच रस दुसऱ्याला कावीळ देऊ शकतो. ऊस आपलाच असला तरी हे सांगितलेच पाहिजे.

राहता राहिले घरच्या व्यवस्थेचे. शंभर पानी वहीचे एक पान घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसासाठी राखावे. तारीख, लॅबोरेटरीचे नाव, क्रिएटिनिन, ईजीएफआर, लघवीतील अल्ब्युमिन, एसजीपीटी, बिलिरुबिन, एवढे एका ओळीत लिहावे. शक्यतो एकाच लॅबोरेटरीत जावे. सध्या घेत असलेल्या गोळ्या, वैदूने दिलेली भस्मे आणि पुड्यासुद्धा त्याच पानावर लिहाव्यात, काही पुड्यांत शिसे-पारा निघाल्याची उदाहरणे आहेत. लघवीचा नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा, लॅबोरेटरीनेच दिलेल्या बाटलीत द्यावा. अंगात ताप असताना, आदल्या दिवशी फार मेहनत झाली असताना किंवा बायकांनी पाळीच्या दिवसांत देऊ नये, दोन-चार दिवस थांबून द्यावा.